गरम झाली की दम सोडणारी १९७२ ची बीटल: तीन नंबरचा सिलिंडर आणि गायब पत्रे

गाडी १९७२ ची फोक्सवॅगन बीटल, आणि विकणाऱ्याने तक्रार सांगितली ती एका वाक्यात, "थंड असताना मस्त पळते, वीस-पंचवीस मिनिटं चालवली की दम सोडते, कार्बोरेटरचं काम आहे फक्त." सोबत एक खोकं दिलं, त्यात जुना कार्बोरेटर, दोन कॉइल, एक पेट्रोल पंप, कंडेन्सर, असं आधीच्या मालकांनी बदलून बदलून काढलेलं सगळं सामान. मी ते खोकं खुशीत घेतलं, स्पेअर मिळाले म्हणून. खरं तर त्यातला एकेक पार्ट म्हणजे कुणीतरी न मोजता केलेला एकेक अंदाज होता, आणि पहिल्या महिन्यात मी पण तेच केलं, नवीन कॉइल टाकली, नवीन कंडेन्सर टाकला, फरक शून्य. पुढे जे लिहितोय ते सगळं त्यानंतरचं आहे, म्हणजे मोजायला सुरुवात केल्यानंतरचं.

बीटलच का, तर पार्ट. २००३ पर्यंत ही गाडी बनत होती, एकूण २ कोटी १० लाखांच्या वर बनल्या, आणि १९७२ च्याच फेब्रुवारीत तिने फोर्ड मॉडेल टीचा दीड कोटीचा विक्रम मोडला. एवढ्या संख्येने बनलेल्या गाडीचा वॉशरसुद्धा आजही नवा मिळतो. पहिला प्रोजेक्ट करणाऱ्याने दुर्मिळ गाडी घेऊच नये असं माझं ठाम मत आहे, कारण गाडी सहा महिने एका रबरासाठी उभी राहिली की हात थंडावतो आणि मग ती कायमची उभी राहते.

घेताना मी इंजिनाकडे जवळजवळ बघितलंच नाही, आणि हा एक निर्णय बरोबर ठरला. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर लटकलेलं असतं, दोन माणसं आणि एक चांगला जॅक असेल तर दुपारभरात खाली येतं. पण दरवाज्याखालचे दोन हीटर चॅनल, म्हणजे बॉडीच्या दोन्ही कडांना आडवे जाणारे पोकळ पत्रे, ते गेले की गाडीचा कणाच गेला, कारण बॉडी आणि फ्लोअर एकमेकांना तिथेच धरून असतात. म्हणून चुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो होतो. चुंबक जिथे चिकटला नाही तिथे पत्रा नाही, पुटी आहे. डावा चॅनल टणटणीत, उजव्याचा मागचा हातभर भाग स्क्रूड्रायव्हरने दाबला की आत जायचा. मागच्या सीटखाली उजवीकडे बॅटरी असते, तिथला फ्लोअर ॲसिडने चाळणी झालेला, हे बीटलमध्ये इतकं कॉमन आहे की तो चांगला असता तर मला शंका आली असती. दरवाजे मात्र एका बोटाने लागत होते आणि फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या, म्हणजे बॉडी अजून खचलेली नाही. हे बघून घेतली.

सीट उचललीच होती म्हणून चेसिस नंबरही तिथेच बघितला, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो, तो कागदांशी जुळला. इंजिन नंबर जनरेटरच्या स्टँडखाली असतो, तो जुळला नाही. गाडी मूळची १३०० ची, इंजिन १६०० चं, म्हणजे १५८४ सीसी. विकणाऱ्याला माहीतच नव्हतं. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे गेलो, कागदोपत्री इंजिन बदलाची नोंद करून घ्यायची एवढाच अर्थ लावला. या एका ओळीत सगळ्या केसचं उत्तर होतं पण ते कळायला चार महिने लागले.

पहिलं काम ब्रेक. यात सांगण्यासारखं थोडंच आहे पण क्रम महत्त्वाचा आहे, जी गाडी थांबत नाही ती टेस्ट ड्राइव्हला न्यायचीच नाही, मग इंजिनात काय बिघाड आहे ते शोधणार कसं. चारही ड्रम उघडले (मागच्या चाकांचा नट ३६ मिलिमीटरचा आणि जवळपास ३०० न्यूटन-मीटरने आवळलेला असतो, लांब पाईप लावल्याशिवाय हलत नाही आणि परत लावताना कॉटर पिन नवीच टाकायची), दोन व्हील सिलिंडर जाम होते, रबरी होज आतून फुगलेले. हे फुगलेले होज बाहेरून छान दिसतात, पाय दाबला की तेल पुढे जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. सिलिंडर, होज, ऑइल सगळं नवीन. टायरवर नक्षी भरपूर होती पण बाजूचा चार आकडी कोड १४०९, म्हणजे २००९ च्या चौदाव्या आठवड्यातले, ते काढून टाकले.

दुसरं काम पेट्रोलचे पाईप, आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. बीटलला जुन्या रबरी पाईपांमुळे आग लागते. इंजिन मागे, त्याच्याच वर कार्बोरेटर, पितळी नळी कार्बोरेटरमधून सैल होऊन निसटते आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं. माझ्या गाडीत पाईप हातात वाकवला तर भेगा दिसल्या आणि क्लॅम्प एकही नव्हता. जुनी बीटल घेतलीत तर घरी आणायच्या आधी हे करा, नंतर नाही. बॅटरीवर झाकण नसेल तर ते पण करा, वर बसणाऱ्याच्या वजनाने सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकते आणि सीट पेटते.

आता मुख्य तक्रार. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मेकॅनिक काका आहेत, आयुष्य एअर-कूल्ड, म्हणजे बीटलसारख्या पाण्याऐवजी हवेने गार होणाऱ्या इंजिनांवर गेलेलं. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. त्यांनी शांतपणे विचारलं, "कॉम्प्रेशन किती आलं?" म्हटलं नाही बघितलं (कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडर आतली हवा किती जोरात दाबतो ते). "टॅपेट किती होते?" नाही बघितले (टॅपेट म्हणजे इथे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट). "मग बदललंस कशाच्या जोरावर? आधी मोज, लिहून ठेव, मग फोन कर." आणि ठेवला. मला वाईट वाटलं पण त्यांचं बरोबर होतं.

मग वही काढली. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलायच्या आधी आणि नंतर तोच रस्ता तितकाच वेळ चालवायचा.

थंड इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉम्प्रेशन आलं ते असं: एक नंबर ११२ पीएसआय, दोन ११०, तीन ८८, चार १०८. तीन कमी आहे पण इतकाही नाही की थंड असताना जाणवावा. मग गाडी अर्धा तास चालवली, दम सोडेपर्यंत, आणि हात भाजत असताना परत मोजलं. एक, दोन, चार जवळपास तेच, तीन नंबर ४५. आकडा बघून मी दुसऱ्यांदा मोजला, ४५ च. म्हणजे कार्बोरेटर नाही, कॉइल नाही, पंप नाही, गरम झालं की चारपैकी एक सिलिंडर मरतोय आणि त्या खोक्यातला एकही पार्ट त्याला वाचवू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी थंड असताना टॅपेट बघितले. या इंजिनाचा गॅप ०.१५ मिलिमीटर, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला सारखा, आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच बघायचा, रात्रभर उभं राहिलेलं सगळ्यात चांगलं. एक नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर आणायचा, गॅप सेट करायचा, मग पुली उलट्या दिशेने अर्धा फेरा, दोन नंबर, परत अर्धा, तीन, परत अर्धा, चार. सात व्हॉल्व्ह थोडेफार इकडेतिकडे होते. तीन नंबरच्या एक्झॉस्टला फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान पण गेलं नाही. गॅप शून्य.

आता हे का घातक ते समजून घेण्यासारखं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या गॅसमध्ये उभा असतो आणि त्याची उष्णता बाहेर पडायचा मुख्य रस्ता म्हणजे बंद असताना सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्याला टेकणं. तेवढ्या वेळात तो आपली उष्णता हेडला देतो. गॅप शून्य झाला की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण टेकतच नाही, मग एक तर कॉम्प्रेशन गळतं, म्हणून दम जातो, आणि दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह अजून तापतो, तापला की दांडी अजून ताणते, ताणली की अजून कमी टेकतो. शेवटी व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं आणि इंजिन संपतं. एअर-कूल्ड बीटलमध्ये हे घडतं तेव्हा बहुतेक वेळा तीन नंबरलाच घडतं.

गॅप ०.१५ केला. त्या दिवशी गाडी तास-दीड तास अशी चालली की मला वाटलं झालं काम. काकांना फोन केला तर म्हणाले, "पाचशे किलोमीटर चालव आणि परत बघ. टॅपेट आपोआप टाइट होत नसतो, काहीतरी सरकतंय." पाचशेला बघितलं तर तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.०५ वर आलेला, बाकी सगळे जागच्या जागी. म्हणजे एक तर व्हॉल्व्ह ताणतोय किंवा सीट आत धसतेय, आणि दोन्ही बाबतीत हेड काढल्याशिवाय गत्यंतर नाही. हेड काढायचं म्हणजे इंजिन खाली. तरी खात्रीसाठी सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ऐकलं, सायलेन्सरमधून फुसफुस येत होती. कार्बोरेटरमधून आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल टाकायच्या तोंडातून आली असती तर रिंगा. गाडी तुमच्याशी इतकं स्पष्ट बोलते, फक्त आपण तिच्या तोंडाशी कान न्यायला हवा.

मध्ये एक गोंधळ होता तो पण सांगतो कारण त्याच्यामुळेच आधीचे सगळे फसले असणार. गाडी पिकअप घेताना क्षणभर अडखळायची, थंड असताना पण, आणि ही तक्रार सगळ्यांनी दम जाण्याच्या तक्रारीत मिसळून टाकली होती. कार्बोरेटर बदलला की अडखळणं थोडं कमी-जास्त व्हायचं म्हणून वाटायचं की बरोबर रस्त्यावर आहोत. ती मुळात वेगळी गोष्ट होती. कुणीतरी मूळचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, काढून बॉशचा ००९ बसवला होता, त्याला व्हॅक्यूम अॅडव्हान्स नसतो, नुसत्या इंजिनाच्या फेऱ्यांवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुढे जातं, आणि वर बसलेल्या ३४ पिक्ट-३ कार्बोरेटरची त्याच्याशी जोडी जमत नाही. अॅक्सिलरेटर दाबल्यावर टायमिंग उशिरा पुढे जातं आणि मध्ये ती अडखळ येते. व्हॅक्यूमवाला डिस्ट्रिब्यूटर बसवला, पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवली, अडखळ त्याच दिवशी गेली, तीन नंबर मात्र तसाच. दोन रोग होते आणि दोघांची लक्षणं एकत्र लिहिली जात होती. वहीत दोन वेगळी पानं केल्यावरच ते सुटे झाले.

इंजिन खाली काढलं एका रविवारी, मी आणि मावसभाऊ. पेट्रोलचा पाईप चिमटून बंद, वायरींना चिकटपट्टीवर नाव लिहून, थ्रॉटल केबल, हीटरच्या दोन केबल, चार बोल्ट, जॅकवर हळूहळू मागे. शंभर किलोच्या वर वजन आहे, खाली हात घालायचा नाही, गाडी मजबूत स्टँडवरच हवी.

इंजिन जमिनीवर ठेवून लाईट मारली आणि मग खरं कारण दिसलं. सिलिंडरच्या खाली हवा वळवणारे पत्रे असतात, वरून पंख्याची हवा येते ती फिन्समधूनच, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधूनच जावी, शॉर्टकट मारू नये म्हणून. डाव्या बाजूचा, म्हणजे तीन-चार नंबरखालचा पत्रा नव्हताच. इंजिनाभोवती जी रबरी पट्टी असते, जी वरची गार हवा आणि खालची सायलेन्सरची गरम हवा वेगळी ठेवते, ती पूर्ण गायब, म्हणजे पंखा स्वतःच सोडलेली गरम हवा परत ओढत होता. आणि पंख्याचं आवरण जुन्या पद्धतीचं, ज्यात ऑइल कूलर हवेच्या वाटेत उभा असतो आणि त्याच्या बरोबर मागे सापडतो तीन नंबरचा सिलिंडर, त्याला ऑइलने तापवलेली हवा मिळते. फोक्सवॅगनने १९७१ च्या मॉडेलपासून हा कूलर या वाटेच्या बाहेर नेला, त्याला स्वतःची वेगळी वाट दिली आणि पंखा रुंद केला. म्हणजे गाडी १९७२ ची पण तिच्या इंजिनावर त्याच्या आधीचं आवरण.

तेव्हा मला वहीतली पहिल्या दिवसाची ओळ आठवली. इंजिन नंबर जुळत नाही. कधीतरी कुणीतरी १३०० काढून १६०० बसवलं, जे मिळालं ते आवरण लावलं, पत्रे आणि रबर जुन्या इंजिनाबरोबर गेले आणि कुणाला त्यांचं काही वाटलं नाही, कारण पत्रे काय, दिसायला शोभेचे. पाणी नसलेल्या इंजिनात हे पत्रेच रेडिएटर आहेत. ज्याने ते फेकले त्याला बहुधा कधीच कळलं नसेल, पण त्यानंतरच्या प्रत्येक मालकाने त्याची किंमत मोजली.

हेड उतरवलं. तीन नंबरच्या एक्झॉस्टची दांडी शेजारच्या व्हॉल्व्हशी लावून बघितली तर डोक्याजवळ बारीक झालेली, ताणलेली, उघड्या डोळ्यांना दिसत होती. सीटच्या मधोमध, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये, तडा पण होता. ते हेड दुरुस्त करायचा मोह झाला, दोन दिवस विचार केला, मग सोडून दिला आणि दोन्ही हेड नवीन व्हॉल्व्हसकट घेतली. एकच बदललं असतं तर दोन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन सारखं राहिलं नसतं असं काका म्हणाले आणि मला ते पटलं. पिस्टन-सिलिंडर चांगले होते, ठेवले. क्रँकचा, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, पुढे-मागे खेळ डायल गेजने मोजला, ०.१० मिलिमीटर, नव्या इंजिनाला ०.०७ ते ०.१३ सांगितलेला असतो आणि ०.१५ ला हद्द संपते, म्हणून खालचं इंजिन उघडलं नाही. हा निर्णय पण आकड्यावर झाला याचं मला समाधान आहे, नाहीतर "आता उघडलंच आहे तर सगळंच करू" या एका वाक्याने कित्येक गाड्या वर्षानुवर्षं खोक्यांत पडून आहेत.

मग आवरण नव्या पद्धतीचं, रुंद पंखा, बाहेरचा कूलर, खालचे दोन्ही पत्रे, थर्मोस्टॅट आणि त्याच्या झडपा (याही काढून टाकलेल्या होत्या, त्या नसल्या की थंड इंजिन फार वेळ थंड राहतं आणि झीज वाढते), आणि शेवटी रबरी पट्टी. पट्टी बसवायला अख्खी संध्याकाळ गेली.

इंजिन बाहेर आहे तोवर उजवा चॅनल आणि बॅटरीखालचा फ्लोअर केला. इथे फक्त एकच सांगतो, पत्रा कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा-तिरपा पाईप वेल्ड करून घ्या. चॅनल कापला की बॉडी मिलिमीटरभर बसते आणि मग दरवाजा आयुष्यात नीट लागत नाही. मित्र वेल्डिंग करतो, त्याने पाईप लावले, फटी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या, मग कापलं. गंज खरवडून नाही, कापूनच काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत. पुटी एक चिमूटही नाही. आतून पोकळीत मेण फवारलं कारण चॅनल आतूनच सडतो.

एकूण चौदा महिने, शनिवार-रविवार. खर्च गाडीच्या खरेदीच्या सव्वादोन पट झाला, त्यातला निम्मा पत्र्याच्या कामात. आधीच्या मालकांनी खोक्यात घातलेल्या पार्टांचे पैसे जोडले तर त्यात एक हेड सहज आलं असतं.

नवीन हेडवर पहिल्या पाचशे किलोमीटरला टॅपेट बघितले, ऑइल बदललं (अडीच लिटर लागतं, फिल्टर नाही, नुसती जाळी, म्हणून दर पाच हजारला बदलायचंच), जाळीत धातूचा चुरा नव्हता. गरम कॉम्प्रेशन एक ११६, दोन ११५, तीन ११५, चार ११४. परवा पाच हजार पूर्ण झाले. सकाळी लवकर, इंजिन रात्रभर थंड झालेलं, सगळ्यात आधी तीन नंबरचंच झाकण उघडलं आणि ०.१५ चं पान घातलं. थोडं घासत, जसं जायला हवं तसं गेलं. रंग अजून केलेला नाही, उजवीकडे प्रायमरचा करडा पट्टा तसाच आहे, तो पुढच्या हिवाळ्यात.